खापर फोडण्याआधी...

अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातली पावसाळी दुपार. जेवणं आटोपली होती, ओटा आवरून जरा आडवं व्हावं असं मी म्हणत होते, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दार उघडते तो मागच्या गल्लीतली ती उभी. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. लग्नाला तीन वर्षं झालेली, पाचवा महिना लागलेला. हातात दवाखान्याची फाईल आणि डोळे रडून रडून सुजलेले.

“काकू, दार लावून घेता का?” एवढंच म्हणाली आणि मटकन खाली बसली.

गरोदरपणात रक्ताच्या तपासण्या होतात ना, त्यात तिचा एचआयव्हीचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला होता. सासूबाईंनी दोन दिवसांत निकाल देऊन टाकला होता, “आमच्या घरात असलं काही नव्हतं. हीच माहेराहून घेऊन आली.” नवरा गप्प. त्यानं स्वतःचं रक्त तपासायला दिलेलं नव्हतं आणि द्यायची तयारीही नव्हती. “तुझा आलाय ना रिपोर्ट, मग माझा कशाला?” असं त्याचं म्हणणं.

मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. जरा शांत झाल्यावर ती म्हणाली, “काकू, मी मोबाईलवर वाचलं. हल्ली म्हणे या विषाणूची कुळी काढतात आणि कुणाकडून कुणाला आला ते सांगतात. अमेरिकेत कोर्टातसुद्धा सिद्ध केलंय. माझं तसं करता येईल का? ह्यांना शिक्षा व्हावी असं नाही हो मला वाटत. मला फक्त एवढंच सिद्ध करायचंय, की मी नाही आणलं.”

खरं सांगू? तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मग मी वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना गाठलं, खोदून खोदून विचारलं. तिच्यासाठी शोधलेलं उत्तर आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

तुम्ही म्हणाल, जिथे आपण मसाल्यांच्या आणि विणकामाच्या गप्पा मारतो तिथे हा विषय कशाला? अहो, तो तर कधीच आपला उंबरा ओलांडून आत आलाय. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉक्टरांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. (या संस्थेचं इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेलं नाव ‘नारी’ असं होतं, अलीकडे ते बदललं आहे.) पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ज्या बायका देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, अशा ३९१ जणींची त्यांनी तपासणी केली. त्यांत शंभरात तेरा-चौदा जणींना एचआयव्हीची लागण झालेली होती. यांतल्या बहुतेकजणी तुमच्या-माझ्यासारख्या संसारी बायका, नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष माहीत नसलेल्या. तेव्हा ‘हा विषय आपला नव्हे’ असं म्हणायची सोय आपल्याला पूर्वीच राहिलेली नाही.

गोडा मसाल्याच्या पाच वह्या

विषाणूची कुळी काढतात म्हणजे काय करतात? मला ते डॉक्टरांनी शास्त्राच्या भाषेत सांगितलं. मी ते स्वयंपाकघरात आणून समजून घेतलं. बघा, तुम्हालाही पटतंय का.

समजा, तुमच्या आजीची गोडा मसाल्याची कृती एका वहीत आहे. तुमच्या आईनं ती उतरवून घेतली. उतरवताना ‘दगडफूल एक वाटी’च्या जागी ‘दगडफूल दोन वाट्या’ असं लिहिलं गेलं. आईच्या वहीवरून तुम्ही उतरवलीत. दगडफुलाची चूक आपसूक तुमच्याकडे आली, शिवाय घाईघाईत खसखशीची ओळच गाळली गेली. तुमच्या वहीवरून तुमच्या जावेनं घेतली. तिच्याकडे दगडफूल दोन वाट्या, खसखस गायब, वर मिरच्यांच्या आकड्यात तिची स्वतःची एक चूक. मावशीनं मात्र थेट आजीच्या वहीवरून उतरवलेली. तिच्याकडे दगडफूल एकच वाटी, पण लवंगा दुप्पट.

आता या पाच वह्या नावं झाकून कुणी माझ्यापुढे टाकल्या, तर नुसत्या चुकांवरून मी सांगू शकेन, की या तीन वह्या एका फांदीवरच्या आणि ही लवंगांची वही वेगळ्या फांदीवरची. कुणाची वही कुणाच्या जवळची, याची वंशावळच मांडता येईल.

एचआयव्हीचा विषाणूही अशीच एक वही आहे. चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली, साधारण साडेनऊ हजार अक्षरांची. माणसाच्या शरीरात शिरला की तो आपल्या प्रती काढू लागतो. दिवसाला अब्जावधी! आणि प्रत काढणारा हा लेखनिक भारी धांदरट. लिहिलेलं पुन्हा तपासून बघणं त्याला ठाऊकच नाही. त्यामुळे चुका होत राहतात आणि पुढच्या प्रतींमध्ये उतरत राहतात. एकाच माणसाच्या अंगातसुद्धा थोड्या थोड्या फरकाच्या असंख्य वह्या तयार होतात.

प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यातून ही अक्षरं वाचतात. सगळी नाही वाचली तरी चालतं, ठराविक भाग पुरतो. मग दोन माणसांच्या विषाणूंच्या चुका ताडून बघतात. त्याचबरोबर त्याच भागातल्या इतर बाधित लोकांचे विषाणूही शेजारी ठेवतात. हे फार महत्त्वाचं हं! कारण एका गावातल्या सगळ्याच मसाल्याच्या कृती थोड्याफार सारख्या असतात. भारतात तर बहुतेक बाधितांमध्ये विषाणूचा एकच मुख्य प्रकार आढळतो, त्याला ‘सी’ प्रकार म्हणतात. तेव्हा नुसतं ‘सारखा आहे’ म्हणून भागत नाही. शेजारपाजारच्या सगळ्या वह्यांपेक्षा या दोनच वह्या एकमेकींच्या जास्त जवळ आहेत का, ते पाहावं लागतं.

कोर्टात गेलेला विषाणू

आमच्या मागच्या गल्लीतलीनं वाचलं होतं ते खोटं नव्हतं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातली ही हकिगत. लाफायेत नावाच्या शहरात एक डॉक्टर होता. एका परिचारिकेशी त्याचे वर्षानुवर्षं संबंध होते. तिनं ते तोडायचं ठरवलं. १९९४ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री तो तिच्या घरी आला आणि ‘जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आहे’ म्हणून त्यानं तिला सुई टोचली. पुढे तिला एचआयव्हीची लागण झाल्याचं निघालं. हिपॅटायटिस सी या यकृताच्या रोगाचीसुद्धा. तिनं त्या रात्रीच्या सुईकडे बोट दाखवलं. डॉक्टर कानांवर हात ठेवून मोकळा.

तपास करणाऱ्यांना डॉक्टरच्या दवाखान्यात त्याच सुमारास रक्त काढलेल्या एका एचआयव्हीबाधित रुग्णाची नोंद सापडली. मग त्या रुग्णाचा विषाणू, त्या परिचारिकेचा विषाणू आणि लाफायेत परिसरातल्या इतर बाधितांचे विषाणू अशी जुळवाजुळव झाली. एका प्रयोगशाळेवर भिस्त न ठेवता दोन वेगवेगळ्या विद्यापीठांत ती झाली. परिचारिकेचा विषाणू त्या रुग्णाच्या विषाणूच्या फांदीतच बसत होता. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये डॉक्टर खुनाच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरला, ५० वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेत फौजदारी खटल्यात विषाणूच्या वंशावळीचा पुरावा मानला गेला तो या खटल्यात पहिल्यांदा.

दुसरी हकिगत टेक्सास राज्यातली. २००९ साली एका पुरुषाविरुद्ध सहा बायका कोर्टात उभ्या राहिल्या. त्याला स्वतःच्या आजाराची कल्पना होती, तरी त्यानं एकीलाही सांगितलं नाही, असा आरोप होता. शास्त्रज्ञांकडे जे नमुने गेले त्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. कोण आरोपी आणि कोण फिर्यादी हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरीसुद्धा त्यांनी एका नमुन्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, बाकीच्यांचे विषाणू याच्यातून निघालेले दिसतात. तो नमुना त्या पुरुषाचाच होता! त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली.

वाचून तुम्हाला वाटलं असेल, झालं तर मग! दोन थेंब रक्त द्यावं आणि घरातल्या सगळ्या तोंडांना कुलपं लावावीत. मलाही तसंच वाटलं होतं. पण थांबा, खरी गोम पुढेच आहे.

वही तोंड उघडत नाही

पुन्हा आपल्या मसाल्याकडे या. तुमची वही आणि जावेची वही जुळल्या. पण जावेनं तुमच्यावरून उतरवली, की तुम्ही जावेवरून? की तुम्ही दोघींनी तिसऱ्याच कुणाच्या वहीवरून, जी आज समोर नाहीच? वही काही स्वतःहून तोंड उघडत नाही.

टेक्सासमध्ये दिशा कशी कळली? त्यात एक बारकावा आहे. विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा सगळ्या वह्या जात नाहीत. बहुतेक वेळा एखादीच जाते, किंवा मोजक्या. देणाऱ्याच्या कपाटात बारा तऱ्हांच्या वह्या आणि घेणाऱ्याकडे त्यातल्या एकीवरून काढलेल्या, असं चित्र दिसलं तर दिशेचा अंदाज बांधता येतो. तिथे सहा बायका होत्या. सहा जणींच्या फांद्या एकाच बुंध्यात शिरत होत्या. लुइझियानातही नोंदवहीचा कागद, तारखा, साक्षी, सगळं जोडीला होतं. नुसत्या विषाणूच्या शब्दावर कुणी तुरुंगात गेलेलं नाही.

आता एका नवराबायकोचं घ्या. लागण होऊन किती वर्षं झाली ते ठाऊक नाही. हा आजार आठ-दहा वर्षंसुद्धा अंगात मुकाट बसून राहतो, वरून माणूस धडधाकट. एवढ्या काळात दोघांच्याही कपाटांत नव्या नव्या चुकांच्या वह्यांचे ढीग साचतात. मूळ कुठली आणि नक्कल कुठली, ते ओळखणं कठीण होऊन बसतं. तिसरा माणूस कधीच पुढे येत नाही. अशा वेळी प्रयोगशाळा फार तर एवढंच म्हणेल, की हे दोन विषाणू एकमेकांचे नातलग आहेत. पण नवराबायकोचे विषाणू नातलग असणार, यात नवल ते काय!

२०१८ साली वेगवेगळ्या देशांतल्या २० शास्त्रज्ञांनी मिळून एक निवेदन काढलं. एचआयव्हीच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेल्या फ्रान्स्वाज बारे-सिनूसी या बाई त्यांत होत्या. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की विषाणूंची जुळणी ‘अमक्यानंच तमक्याला दिला’ हे निःसंशय सिद्ध करू शकत नाही. पण ‘यानं दिलेला नाही’ हे मात्र ती चांगलं सांगू शकते. म्हणजे दोन वह्यांचं नातंच नसेल, तर एकीवरून दुसरी उतरवलेली नाही, हे नक्की. दोषी ठरवण्यापेक्षा निर्दोष सोडवण्याचं काम हे शास्त्र जास्त खात्रीनं करतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्या आपल्या समाजाला याची गरज थोडी का आहे?

अलीकडे एकाच नमुन्यातल्या हजारो प्रती वाचायची साधनं निघाली आहेत. आफ्रिकेत युगांडाच्या राकाई भागात साथ कुठून कुठे सरकते, ते समजून घेण्यासाठी ती वापरली गेली. पण हे शेकडो माणसांच्या गोळाबेरजेचं काम. एका जोडप्याच्या भांडणात न्यायाधीश म्हणून बसवावं, असं ते नाही.

आणि आपल्याकडे? आपल्या दवाखान्यांत विषाणूची अक्षरं वाचतात ती मुख्यतः त्याला कुठली औषधं लागू पडेनाशी झाली आहेत, ते पाहायला. ‘कुणाकडून कुणाला’ हे शोधणं सरकारी केंद्रातल्या नेहमीच्या तपासणीत मोडत नाही. तेव्हा ‘सिद्ध करून दाखव’ असं कुणी सुनेला म्हणत असेल, तर ते तिच्या हातात नाही, हे त्या माणसाला ठणकावून सांगायला हवं.

पुण्याचाही हात लागलेली मोजणी

तर मग या शास्त्राचा आपल्या संसाराला उपयोगच नाही का? आहे, आणि फार मोठा आहे. पण तो कोर्टाच्या वाटेनं आलेला नाही.

२००७ पासून नऊ देशांत एक मोठा अभ्यास झाला. आपल्या देशातून पुणे आणि चेन्नई ही दोन शहरं त्यात होती, पुण्यात ‘नारी’ संस्था. १,७६३ जोडपी त्यात सामील झाली. प्रत्येक जोडप्यात एक जोडीदार बाधित, दुसरा निरोगी. बघायचं होतं ते असं, की बाधित जोडीदाराला गोळ्या लवकर सुरू केल्या तर निरोगी जोडीदार वाचतो का? निम्म्यांना लगेच गोळ्या दिल्या, निम्म्यांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रकृती काहीशी खालावल्यावर. सल्ला आणि निरोध सगळ्यांनाच.

आता यात अडचण काय येणार, ती तुमच्या लक्षात आलीच असेल. निरोगी जोडीदाराला पुढे लागण झाली, तर ती घरातूनच झाली की बाहेरून, हे कसं ओळखायचं? नुसतं विचारून खरं कोण सांगणार? इथे आपली वह्यांची जुळणी कामाला आली. नव्यानं लागण झालेल्या प्रत्येकाचा विषाणू त्याच्या जोडीदाराच्या विषाणूशी ताडून पाहिला.

२०११ साली पहिले आकडे आले. एकूण ३९ जणांना नव्यानं लागण झाली होती. त्यांपैकी २८ जणांचा विषाणू जोडीदाराशी जुळला. आणि या २८ पैकी लवकर गोळ्या सुरू केलेल्यांच्या गटातला किती, सांगा बघू? एक! फक्त एक. बाकीचे २७ उशिरा गोळ्या मिळालेल्यांच्या गटातले. हा फरक एवढा मोठा होता, की मग सगळ्यांनाच गोळ्या देऊ केल्या गेल्या.

अभ्यास पुढे चालू राहिला. शेवटचे आकडे २०१६ साली आले. ज्यांच्या विषाणूंबद्दल नक्की सांगता आलं अशा ७२ जणांपैकी ४६ जणांचा जोडीदाराशी जुळला आणि २६ जणांचा जुळला नाही. तिसऱ्या भागाहून जास्त! ‘घरातूनच आला असणार, दुसरं कुठून येणार?’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा. अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. नवऱ्याच्याही बाबतीत चुकतो आणि बायकोच्याही.

पण माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. गोळ्या नियमित घेऊन ज्यांच्या रक्तातला विषाणू पूर्ण आटोक्यात होता, त्यांच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण निघालं नाही. युरोपातही ८८८ जोडप्यांचा असाच अभ्यास झाला, त्यात निरोध न वापरणारी जोडपी होती. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. ११ जणांना नवी लागण झाली होती, पण एकाचाही विषाणू जोडीदाराशी जुळला नाही.

कळलं का, काय झालं ते? ज्या जुळणीनं आपण घरात गुन्हेगार शोधायला निघालो होतो, तिनंच आपल्याला सांगितलं की औषध नीट घेतलं तर नवरा बायकोला आणि बायको नवऱ्याला हा आजार देत नाही. संसार मोडण्याचं कारणच उरत नाही.

आधी रिपोर्ट कुणाचा?

आता सासूबाईंच्या त्या निकालाकडे वळू. ‘हिचा रिपोर्ट आधी आला, म्हणजे हिनंच आणलं.’ किती घरांत हे वाक्य उच्चारलं जातं! पण जरा विचार करा. घरात आधी रक्त कुणाचं तपासलं जातं? गरोदर बाईचं. नवऱ्याला तपासायला कुणी सांगतच नाही. मग आधी सापडणार कोण? ज्या खोलीत दिवा लावला, त्याच खोलीतला पसारा दिसणार. रिपोर्ट आधी येणं म्हणजे लागण आधी होणं नव्हे.

आणि लागण लग्नाआधीची असू शकते, नंतरची असू शकते, दूषित सुईनं किंवा न तपासलेल्या रक्तानं झालेली असू शकते. जन्मतः आईकडून आलेला विषाणू घेऊन मोठ्या झालेल्या मुलीही आज लग्नाच्या वयाला आल्या आहेत. त्यांचा काय दोष?

म्हणून मागच्या गल्लीतलीला मी शेवटी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. ‘कुणी आणला’ या प्रश्नाच्या मागे लागून महिने घालवू नकोस. पोटातल्या बाळाला तेवढा वेळ नाही. काहीच उपाय केला नाही, तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पंधरा ते पंचेचाळीस इतका असतो. वेळेवर गोळ्या सुरू केल्या, बाळालाही औषध दिलं, तर तो पाचाच्या खाली येतो.

ती सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात गेली. तिथल्या समुपदेशक बाईंनी नवऱ्याला बोलावून घेतलं. दोनदा तो आलाच नाही. तिसऱ्यांदा आला, खाली मान घालून बसला आणि रक्त देऊन गेला. त्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला.

कुणाकडून कुणाला? ते अजूनही कुणाला ठाऊक नाही. सासूबाईंनी आपले शब्द मागे घेतलेत, असंही नाही. त्या पिढीला ते जड जातं. पण बाळ झालं तेव्हा बाळंतिणीची अंघोळ त्यांनी स्वतः घातली. बाळाची दीड वर्षाची तपासणी झाली त्या संध्याकाळी ती पुन्हा माझ्या दारात आली. या वेळी “दार लावून घ्या” म्हणाली नाही. हातात पेढ्यांचा पुडा होता. रिपोर्ट निगेटिव्ह आला होता.

मी म्हटलं, “आता तुझं ते सिद्ध करायचं राहिलं ना गं?”

ती म्हणाली, “काकू, आता मला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. रात्री नऊला गजर वाजतो, आम्ही दोघं एकदम गोळी घेतो. बस्स.”

एवढं लक्षात ठेवा

• दोघांचीही तपासणी करा, एकाच दिवशी. सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व तपासणी केंद्रांत ती मोफत होते. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर ती रक्तात दिसत नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा.

• एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आपल्या देशात ही सोय २००४ पासून आहे. गोळी रोज, ठरल्या वेळी घ्यायची. ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करायची नाही.

• विषाणू आटोक्यात यायला काही महिने लागतात. रक्तातल्या विषाणूंची मोजणी करून तो आटोक्यात आल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत निरोध वापरायलाच हवा.

• एका ताटात जेवल्यानं, कपडे एकत्र धुतल्यानं, लेकराचा मुका घेतल्यानं किंवा डास चावल्यानं हा आजार होत नाही. सुनेची भांडी वेगळी मांडू नका.

• एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, नोकरीत किंवा दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला कळवू शकतात. पण कळवल्यानं बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर त्यांनी कळवायचं नसतं. अशी भीती वाटत असेल तर समुपदेशकाला आधीच मोकळेपणानं सांगा.

• घरात बोलायची चोरी असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा. नाव सांगावं लागत नाही.

• आणि कुणाच्या माथी खापर फोडण्याआधी स्वतःचा रिपोर्ट हातात घ्या.